आधी मागचं उजवं चाक

"कोण आहे गाडीखाली? बाहेर ये."

बेरमेटला आधी सासूचे रबरी बूट दिसले, मग हा आवाज आला. ती पाना हातात घेऊन सरपटत बाहेर आली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

उद्या सकाळी सासरा तिला आणि तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन खिंड उतरणार होता. बाळाला पहिल्यांदाच आजोळी, कारा-बाल्टाला न्यायचं होतं. सुसामीरहून बोगद्यापर्यंत चढ थोडाच. पुढे मात्र वळणामागून वळण आणि नुसता उतार. गेल्या आठवड्यात कुरणावरून खाली येताना बेरमेट मागच्या सीटवर होती. शेवटच्या वळणांवर एका दाबात गाडी आवरेना, म्हणून सासऱ्याने ब्रेक दोनदा दाबला, ते तिने नेमकं पाहिलं. आज ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून तिने आत चिंधी बुडवली. ब्रेक ऑइल सकाळपासून उकळत ठेवलेल्या चहासारखं काळं झालं होतं. ती मेकॅनिकची मुलगी. जुनं ऑइल हवेतलं पाणी पितं, उतारावर तापून उकळतं, मग पाय तळापर्यंत जातो आणि गाडी काही थांबत नाही, हे ती बापाच्या गॅरेजातच शिकली होती.

पण सांगणार कुणाला? नवरा मॉस्कोत. सासऱ्याचं नुसतं नाव घ्यायचीही सुनेला बंदी, तिथे त्याची चूक कुठून काढणार? नाव आपण घेऊ शकतो: ओमुरझाक. हा ओमुरझाक अख्ख्या गावाला ऐकवायचा, "ऑइल बदलतात ते शहरातले भित्रे! तीस वर्षं झाली, ही गाडी माझा पाय ओळखते." कंबर इतकी आखडलेली, की बूटसुद्धा भिंतीला टेकून काढायचा. तोरा मात्र घोडेस्वाराचा.

आज तो मित्राकडे कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला गेला आणि बेरमेटने संधी साधली. कोठारात मिठाच्या पोत्यामागे तिला ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली सापडली. सासूने कधीतरी आणून ठेवली असेल, असं ती धरून चालली.

सासूने, झुरा आपाने, पान्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे.

"एकटीच करणार होतीस? पेडल कोण दाबणार, तुझी लेक?"

बेरमेट कपड्यांवरची धूळ झटकू लागली. तोवर आपा झगा सावरून ड्रायव्हरच्या सीटवर बसलीसुद्धा.

"आधी मागचं उजवं चाक," ती आतून म्हणाली. "सगळ्यात लांबचं ते आधी. बघतेस काय? लाग कामाला!"

बेरमेट चाट पडली.

"दर दोन वर्षांनी, बर्फ वितळलं की मी आणि तुझी नणंद नूरझान करायचो हे," आपा सांगू लागली. "म्हातारा कुमिसला गेला, की लगेच. ती लग्न होऊन नारिनला गेली आणि ते राहूनच गेलं. तुला विचारावं, तर तू तोंड उघडशील तर शपथ."

पुन्हा गाडीखाली शिरत बेरमेट पोटभर हसली. आठवडाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला. तिने चाकामागच्या निपलवर, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या तोटीवर, नळी चढवली आणि नळीचं दुसरं टोक रिकाम्या बरणीत सोडलं.

"दाबा, आपा. परत दाबा. आता धरून ठेवा, काही झालं तरी सोडू नका."

"धरलंय गं!"

तिने निपल पाव आटा सैल केला. काळं ऑइल बुडबुड्यांसकट नळीतून धावलं. निपल आवळला. "आता सोडा." लग्नाला दीड वर्ष झालं, सासूला हुकूम सोडायची ही पहिलीच वेळ. आणि सासूही बिनबोभाट ऐकत होती.

एक चाक झालं, दुसरं झालं. टाकी रिकामी पडली तर हवा आत शिरेल, म्हणून बेरमेट सारखी उठून ती भरत होती. तिसऱ्या चाकाला बाटली निम्म्याच्या खाली गेली. शेवटच्या चाकाला अजूनही काळंच येत होतं आणि बाटलीत जेमतेम दोन बोटं ऑइल राहिलं होतं. बेरमेटने ते जपून वापरलं. अखेर नळीत स्वच्छ, पातळ मधासारखी धार आली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. गाडीवर सांडलेले थेंब रंग उडवण्याआधीच तिने पाण्याने धुतले.

"बाटली आणायचं तुला बरं सुचलं," हात पुसत आपा म्हणाली. "नूरझानही अशीच आणून ठेवायची, न सांगता."

बाटली बेरमेटने आणली नव्हती. पण सासूचं बोलणं खोडून काढत नाहीत. ती हत्यारं गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी ओमुरझाकने तळवे उघडून प्रवासाला दुआ दिली आणि गाडी काढली. खिंडीच्या उतारावर दोन गाड्या चाकांतून धूर काढत कडेला उभ्या होत्या. बेरमेट प्रत्येक वळणावर सासऱ्याच्या पायाकडे बघत होती. ब्रेक दर वेळी एकदाच दाबला जात होता. बाळ खालपर्यंत झोपून होतं.

दारात तिच्या आईने नात उचलून घेतली. बाप मात्र आधी चाकाशी वाकला. त्याने पुसलेला निपल पाहिला, मग लेकीकडे पाहिलं.

"तीस वर्षं झाली, व्याही! एक थेंब बदललेला नाही!" ओमुरझाक गरजला.

"असं होय?" बाप मिशीत हसला आणि नातीमागे घरात गेला.

ओमुरझाकने डिकीतून बॅग काढली. सासरा सुनेच्या तोंडाकडे पाहून बोलत नसतो. तो बॅगेकडे पाहून हळूच म्हणाला,

"दोनदा ब्रेक दाबला तेव्हा तुझं लक्ष गेलं, ते मला आरशात दिसलं, पोरी. पुढच्या वेळी मिठाच्या पोत्यामागे दोन बाटल्या ठेवीन."