निळ्या रंगाची चाचणी

प्लेटवर ठिपके नव्हते. म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. नुसत्या पाण्याच्या प्लेटवर आपोआप उगवतात तेवढे तुरळक होते. तिने प्लेट उजेडाला धरली, खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा उचलली.

"बघून बघून उगवणार आहेत का ते?" मागून मॅडम म्हणाल्या. प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती आणि बहुतेकांची नाडीही.

"तिसऱ्यांदा लावली होती, मॅडम. यकृताचा अर्क घालूनसुद्धा काही नाही."

एखादं रसायन जनुकं बिघडवतं का, हे तपासणं तिचं रोजचं काम होतं. त्यासाठी खास जंतू पाळलेले होते. जगायला लागणारं एक द्रव्य त्यांना स्वतः बनवता येत नसे आणि प्लेटवर ते जवळजवळ नसेच, त्यामुळे बिचारे वाढत नसत. रसायनाने जनुकात बदल घडवला, तरच त्यांतल्या काहींना ते द्रव्य बनवणं जमे आणि प्लेटभर ठिपके उठत. शेजारच्या प्लेटवर एक नामचीन विष मुद्दाम घातलेलं होतं. तिथे गोवर आल्यासारखे ठिपके होते. काही रसायनं शरीरात गेल्यावरच रंग दाखवतात, म्हणून यकृताचा अर्क. पण या निळ्या रंगाने त्यातही काही दाखवलं नाही.

"एवढ्यावर सगळं सिद्ध होत नाही, हे तुला सांगायला नको," मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पण वडिलांना सांगण्यापुरतं पुष्कळ आहे. आज लवकर नीघ."

तिचे वडील रंगारी होते. कापडाचा तुकडा नुसता डोळ्यांसमोर धरून हुबेहूब तीच छटा उतरवणारे. मग दादा जन्मला, उजव्या हाताला दोनच बोटं घेऊन. "माझ्या रंगानेच घात केला," असं बाबा स्वतःच म्हणाले, आणि रंगशाळा सोडून एका गोदामात पेट्या मोजायला लागले. पुन्हा त्यांनी रंगाला हात लावला नाही.

आईने मात्र ते वाक्य कायमचं गाठीला बांधलं. बसमध्ये कोणी दादाच्या हाताकडे टक लावून पाहिलं, की रात्रीचं जेवण बिघडलंच म्हणून समजावं. "तुमच्या रंगाने माझ्या लेकराची बोटं खाल्ली!" बाबा मान खाली घालून जेवत राहत.

दादाचं म्हणाल तर तो मजेत होता. शाळेत गणित शिकवायचा आणि वर्गाला सांगायचा, "माझ्यातले दोष हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. कुठल्या हाताच्या ते तुम्ही ठरवा."

आईचं ते वाक्य ऐकतच ती मोठी झाली होती. नोकरी लागल्यापासून तिच्या मनात एकच होतं, बाबांचा तो निळा रंग एकदा प्लेटवर घालायचा. बाबांकडे मागितला, तर त्यांनी उडवून लावलं. "गेलेलं उकरून काय मिळणार आहे तुला?" शेवटी रंगशाळेतल्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याकडून तिने चिमूटभर मिळवला. तिथे अजून तोच रंग वापरत होते.

ती घरी पोचली तेव्हा दादा वह्या तपासत होता आणि आई ताटं घेत होती.

"आज जेवताना मला सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे," ती म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही.

"लग्न ठरवलंस वाटतं परस्पर!" दादा म्हणाला.

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या. "चल गं, कोपऱ्यावरून पाव घेऊन येऊ."

"अहो, पाव आहे की घरात!"

"ताजा आणतो."

रस्त्यावर आल्यावर ते बेकरीकडे वळलेच नाहीत. बागेच्या कुंपणाशी बाक होता, तिथे बसले.

"रंगशाळेतला माझा सोबती भेटला होता मला," बाबा म्हणाले. "निळा नेलास म्हणे."

"हो. आणि बाबा, रंगात काही दोष नाही. तीन वेळा तपासला. तुमची काहीसुद्धा चूक नव्हती. इतकी वर्षं उगाच ऐकून घेतलंत तुम्ही. आज आईला सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. तिला कळू तर दे, कुणाला बोलत आली ती."

बाबा रडतील असं तिला वाटलं होतं. ते नुसतेच किंचित हसले.

"चांगला रंग होता तो. उन्हात विटायचा नाही."

"बाबा, मी काय सांगतेय?"

"ऐकलं मी. आईला सांगू नकोस."

"का? एकदा तरी तिला—"

"दादा झाला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं," बाबा समोरच्या दिव्यांकडे बघत म्हणाले. "दिवस गेले तेव्हा सुरुवातीला उलट्या थांबेनात म्हणून तुझ्या आईने कोणाच्या तरी गोळ्या घेतल्या होत्या, डॉक्टरांना न विचारता. त्या गोळ्यांनी झालं ते. मी आत गेलो तर बाळाचा तो हात हातात घेऊन ती विचारतेय, 'कशामुळे हो झालं?' मी तसाच कामावरून धावत आलो होतो, कोपरापर्यंत निळा. बरं झालं बघ. लगेच सुचलं."