खुर्चीभोवतालचे होले

सासरे आयुष्यभर हवामान खात्यात होते, पण त्यांचा एकच अंदाज कधी चुकला नाही. लख्ख ऊन असलं की अंगणातल्या दाण्यांवर जेमतेम दोन-चार होले पक्षी यायचे, आणि ढगाळ गारठा पडला की नुसती झुंबड. ते गेल्यावरही हा हिशोब तसाच चालू राहिला. फक्त कितीही दाटी झाली, तरी अंगणातल्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीभोवती हातभर जागा सोडूनच होले दाणे टिपत.

"मी एकटी कुठे आहे?" असं म्हणत सासूबाई घर सोडायला तयार होईनात.

"अहो आई, खुर्चीपाशी दाणेच नसतात, मग पाखरं कशाला येतील?" त्यांना न्यायला आलेली सून हसली. सकाळी धुकं दाटलेलं पाहून तिने सगळेच्या सगळे दाणे खुर्चीवर ओतले.

अंगण होल्यांनी भरून गेलं. सगळे उपाशी, अंग फुगवून, खुर्चीकडे तोंड करून बसून राहिले. एकही पुढे सरकला नाही.



सून स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "आई, बाबांच्या चहात साखर किती घालू?"