घाऊक भाव

"सहाचं पाकीट घे," व्हर्लिन म्हणाला. "केमिस्टकडे मिळतं सहाचं."

मार्लिसनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तीस बाटल्यांचा खोका फळीवरून पुढे ओढला. व्हॅनिलाच्या चवीचं ते दाट, दुधाळ पेय आजारानं दिवाळं निघालेल्या पोटाला डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाताळापासून व्हर्लिनचं जेवण म्हणजे तेवढंच. दुसरं काही आत ठरतच नव्हतं.

"केमिस्टकडची बाटली जवळजवळ दुपटीनं पडते. हे मी तुला सांगायचं?"

व्हर्लिन हसला. दुकानातल्या बॅटरीच्या खुर्चीगाडीत तो बसला होता. दोन स्वेटर घालून वर कोट चढवला होता, तरी कोटात कुणी नसल्यासारखं दिसत होतं.

"भाव कळतो मला. पण स्वस्त कधी पडतं? संपलं तर."

हे वाक्य मुळात तिचं. सेंट क्लाउडच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या या गोदामाएवढ्या, सभासदांसाठीच्या घाऊक दुकानात दोघं वर्षानुवर्षं येत होती आणि वर्षानुवर्षं एकच भांडण भांडत होती. तो प्रत्येक डब्याचा दर पाव किलोवर आणून दाखवायचा. ती म्हणायची, खवट झालेले अक्रोड धर की हिशेबात. अर्धं कचऱ्यात घालायला वर्गणी भरणारा नवरा माझ्याच नशिबी कसा, असं ती चारचौघांत विचारायची आणि तो सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

"संपेल," मार्लिस म्हणाली. तिनं खोका ट्रॉलीत ठेवला. मग आणखी एक ओढून त्याच्यावर ठेवला.

व्हर्लिननं त्या दोन खोक्यांकडे पाहिलं आणि गाडी वळवून निघून गेला.

तो तिला पार मागच्या रांगेत सापडला. घर गरम ठेवणाऱ्या, तळघरातल्या हीटरचे फिल्टर तिथे रचून ठेवले होते. त्यानं तीन पाकिटं मांडीवर घेतली होती, एकेका पाकिटात चार. धाप लागली होती, पण चेहरा कित्येक दिवसांनी खुलला होता.

"तीन वर्षं बघायला नको," तो म्हणाला. "दर तीन महिन्यांनी एक बदलायचा. कडेला बाण असतो, तो हीटरच्या बाजूला. उलटा घातलास तर हवा कोंडते."

"माहीत आहे मला."

"कुठलं माहीत? कपडे धुवायला सोडून तळघरात उतरलीस कधी?" तो मजेत होता. "आणि हिवाळ्याआधी बाहेरचा नळ आतून बंद करायचा. वॉटर हीटरच्या मागे लाल चावी आहे. विसरलीस तर पाइप फुटेल. तो प्लंबर लुटेल तुला, त्याला बोलवू नकोस."

"व्हर्लिन, ठेव ती परत."

"का? भाव चांगलाय."

"लागणार नाहीत."

"फिल्टर न लागायला काय झालं?"

मागून एक बाई भरलेली ट्रॉली घेऊन आली. मार्लिसनं बाजूला होऊन तिला वाट दिली. ती पार पुढच्या वळणावर जाईपर्यंत मार्लिस तिच्याकडेच बघत राहिली.

"जनेलशी बोलणं झालंय माझं," ती म्हणाली. जनेल त्यांची मुलगी, फिनिक्सला असायची. "घर नाही ठेवणार मी. एकटीला नाही झेपायचं. मी तिच्याकडेच जाणार आहे."

व्हर्लिननं मान हलवली. मुलीनं आईला बोलवावं यात त्याला वावगं काही दिसलं नसावं.

"घाई करू नका," तो म्हणाला. "सावकाश बघा. चांगलं गिऱ्हाईक मिळू दे."

"दलाल येणार आहे घर बघायला. बर्फ वितळला की..."

ती थांबली. पण बोलून झालं होतं. बर्फ वितळायला दोनेक महिनेच उरले होते.

"बर्फ वितळला की," व्हर्लिन म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखादा भाव नीट ऐकून घ्यावा तसं त्यानं ते म्हटलं. मग ट्रॉलीतल्या साठ बाटल्यांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

मार्लिसला वाटलं, आता हा काहीतरी विचारेल. तिनं उत्तर जुळवायलाही घेतलं. पण तो एकेक पाकीट परत जागेवर ठेवू लागला. फळी उंचावर होती. ती मदतीला पुढे झाली तसा त्यानं हात आडवा धरला. दोन पाकिटं ठेवून झाल्यावर तिसरं त्यानं मांडीवरच राहू दिलं.

"एक घेऊ. घर बघायला आलेला माणूस आधी तळघरात उतरतो. फिल्टर काळा दिसला की भाव पाडतो."

दारावरच्या माणसानं पावतीवर रेघ मारली आणि पुढच्या महिन्यात भेटूच म्हणाला. व्हर्लिन म्हणाला, "हो, हो."

बाहेर थंडीनं श्वास घेताच नाकपुड्या आतून चिकटत होत्या. त्याला पुढच्या सीटवर बसवून, गुडघ्यांवर घोंगडी घालून मार्लिस मागे गेली आणि तिनं डिकी उघडली.

"डिकीत नको," आतून तो म्हणाला. "गोठतील बाटल्या. नासल्या तर ते पैसे गेलेच."

तिनं खोके मागच्या सीटवर ठेवले. व्हर्लिननं आपल्या गुडघ्यांवरची घोंगडी काढली आणि मान न वळवता खांद्यावरून मागे धरली.

"घाल त्यांच्यावर."

घे परत, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. मग घोंगडी घेतली. दोन्ही खोके झाकून झाले, चारी कोपरे नीट बसले, तरी ती वाकून कडा आत खोचत राहिली.