पाचच वेळा
दंडाचा चोविसावा सेट संपवून मी डंबेल खाली ठेवले, तेव्हा जिमचे घोरपडेसर माझी वही चाळत होते. चार महिने मी रोज दोन-दोन तास घाम गाळत होतो. शर्टाची बाही मात्र होती तेवढीच सैल होती.

"चोवीस सेट मारतोस आणि एकदाही दातओठ खात नाहीस," सर म्हणाले. त्यांनी वहीतल्या पंधरा ओळींवर काट मारली. "उद्यापासून नऊच. वजन वाढव. शेवटच्या दोन वेळेला वाटलं पाहिजे, आता काही हे उचलत नाही."

दुसऱ्या दिवशी नऊ सेटमध्येच हात थरथरायला लागले. सरांनी तासाभरात घरी पिटाळलं.

एवढ्या लवकर मी घरी कधी नसायचोच. लकव्यानंतर आप्पांचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांच्या त्या मुठीत व्यायामाचा रबरी चेंडू होता आणि आई जपमाळ ओढावी तशी मोजत होती, "सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव..." आप्पांचं लक्ष टीव्हीकडे. चेंडू दबतच नव्हता.

"रोज शंभर करतात बरं," आई कौतुकानं म्हणाली.

मी टीव्ही बंद केला. चेंडू काढून घेतला आणि आप्पांच्या मुठीत माझी बोटं दिली.

"आप्पा, पाचच वेळा दाबा. पण जीव खाऊन."

चार वेळा नुसता स्पर्श कळला. पाचव्यांदा आप्पांनी दातओठ खाल्ले, आणि माझी बोटं दुखली.