फोटो नीट आला का गं?

जिथे थांबू तिथे नव्या जातीचा मासा गळाला लावायचा, फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं, हे आमच्या ह्यांचं खूळ. फोटो नसला तर ह्यांच्या ग्रुपवर मासा मोजतच नाहीत. त्यापायी अर्धा देश गाडी मी चालवली, गांडुळांच्या डब्याच्या वासासकट.

परवा ह्यांचा डोळा लागला म्हणून मी गळ टाकला, तर लाल कल्ल्यांचा, ह्यांनी जन्मात न पाहिलेला मासा लागला. ह्यांनी उठून तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि ग्रुपवर फोटो टाकला, "अखेर पकडलाच मी!"

आज शेवटच्या तळ्यात, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तो पट्ट्यांचा मासा ह्यांना लागला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ह्यांनी तो छातीशी धरला. मी मोबाईल समोर धरून चार-पाचदा बटण दाबलं.

"फोटो नीट आला का गं?"

"झकास आलाय. सोडा आता त्याला, तडफडतोय बिचारा."

मासा सळकन निघून गेला.

 

फोटो खरंच झकास आलाय. पुढचा कॅमेरा लावून काढलेला, माझा एकटीचा, दात काढून हसतानाचा.