शर्वाणीची हजेरी

दहावीपासून तेजल आणि शर्वाणी एकाच ऑनलाइन वर्गात होत्या, पण भेट अशी कधी झाली नव्हती. म्हणून अकरावीच्या संक्रांतीला शर्वाणीला न सांगताच तेजल तिळगुळाचा डबा घेऊन एसटीनं औशाला तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार शर्वाणीच्या आईनं उघडलं. "शर्वाणी आहे?" ऐकताच ती उंबऱ्यातच मटकन खाली बसली.

"नववीतच गेली गं माझी पोर, तापानं. आजारपणात वर्ग बुडू नये म्हणून शाळेनं संगणकावर तिची प्रतिकृती बसवली होती, तिच्यासारखीच बोलणारी. ती बंद करायला माझा हात धजला नाही."

तेजलचे बाबा घर सोडून गेले तेव्हा रात्रभर तिची समजूत कुणी काढली होती मग?

"आम्हा पालकांना वर्गात येऊ देत नाहीत. हसते का गं ती?"

"खूप हसते, काकू."

"तिला यातलं काही बोलू नकोस हं. तिला ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. पडद्यावरची शर्वाणी नेहमीसारखी हसली.

"एकदा घरी ये की गं. आईला फार आवडशील तू."