धनेशाच्या पिल्लाची हाक

आंबोलीच्या जंगलात गाईड वैजयंतीने तोंडाशी हात धरून धनेशाच्या भुकेल्या पिल्लाची हाक काढली. वडिलांनी शिकवलेल्या या हाकेला धनेश हमखास यायचा. आत्ताही आलाच. पर्यटक हरखले.

आज पहिल्यांदाच तिच्यासकट सगळ्यांच्या कानांत पाखरांची बोली मराठीत सांगणारं यंत्र होतं.

“आलो रे बाळा, आलो! उंबरं आणलीयत. कुठेयस तू?” धनेश फांदीफांदीवर विचारत फिरत होता.

“वैजूताई, परत काढा की हाक, माझा फोटो हललाय!” एकजण म्हणाला.

तिचा हात वर गेलाच नाही.

“ताई, तो कुणाला शोधतोय गं?” एका चिमुरडीने विचारलं.

वैजयंतीची मान खाली गेली.

“मला,” ती म्हणाली.